पाहुण्यांसाठी राखलेलं मैदान

परवा बसथांब्यावरून तू तणतणत घरी आलीस. बस समोर उभी होती, चार पावलं पळालं असतं तर मिळाली असती, आणि तुझी टिटवी मावशी आपली बागेत फिरायला निघाल्यासारखी चालत राहिली. वर म्हणाली, "जाऊ दे गं, मागून दुसरी येईल." तू मला विचारलंस, आजी, या बाईला पळायला होतं तरी काय? तेव्हा गॅसवर दूध होतं, आणि हे सांगायला घेतलं तर दूध उतू जाईतो संपणार नव्हतं. आज बस इथं. आणि मी बोलते तसंच लिही, उगाच त्याला शाळेतला इस्त्रीचा गणवेश घालू नकोस.

तशी ही गोष्ट तिच्या बापाची आहे. माझ्या धाकट्या भावाची. तू त्याला पाहिलं नाहीस. त्याचं खरं नाव त्याच्या पगाराच्या साहेबांना तेवढं माहीत असेल. बाकी सगळे त्याला फक्की म्हणायचे. फक्की म्हणजे ती चुन्याची पांढरी भुकटी, मैदानावर रेघा मारतात ना, ती. हा मैदान सांभाळायचा. नुसता राखणदार नव्हे हं. पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, गवत कापायचं, आणि मग सुतळी ताणून, बुडाला भोकं पाडलेला डबा हलवत हलवत उलटं चालत रेघा मारायच्या. सुलटं चाललं तर स्वतःच्याच रेघेवर पाय पडतो. म्हणून उलटं. त्याची बायको, म्हणजे माझी भावजय, म्हणायची, "वन्सं, तुमच्या भावाला आपण कुठनं आलो ते सगळं दिसतं. कुठं चाललोय ते मात्र भिंतीला पाठ आपटल्यावरच कळतं."

अंगभर फक्की. कानात, भुवयांत, खिशात. न्हावी म्हणायचा, याचे केस पिकलेत की मळलेत ते धुतल्याशिवाय मी सांगणार नाही. घरात आला की भावजय दाराशीच टॉवेल फेकायची, "तिथंच झटका, आत आणू नका तुमचं मैदान."

आणि मैदान म्हणजे काय, मातीचंच होतं. पण सगळ्यांचं होतं. सकाळी म्हातारे यायचे, पाठीमागे हात बांधून गोल गोल फिरायचे आणि सरकारला शिव्या द्यायचे. मग शाळेची मुलं. दुपारी शेजारच्या वखारीतले हमाल सावलीला आडवे व्हायचे. संध्याकाळी फुटबॉलवाले, त्यांची रोजची भांडणं. माझा भाऊ एका कोपऱ्यात रोलरला टेकून उभा, आणि त्याचं एकच पालुपद, "ए, रेघ ओली आहे, उडी मार. अरे उडी मार म्हणतो ना." सगळे त्याला हसायचे आणि उडी मारायचे. म्हातारेसुद्धा मारायचे, जमेल तेवढी.

भावजय बिस्किटांच्या कारखान्यात पाळीवर जायची. म्हणून पोरगी लहानपणापासून बापाबरोबर मैदानावर. काड्यांसारखे पाय, मान पुढे, चालायची म्हणून नाहीच, तुरुतुरु धावायची, थबकायची, परत तुरुतुरु. एका म्हाताऱ्यानं नाव ठेवलं टिटवी, ते चिकटलं. बापलेकीचा एक खेळ होता. बाप किल्ल्यांचा जुडगा रोलरच्या लोखंडावर मारायचा, टण्ण. की ही सुटायची. एक फेरी मारून परत आली की परत टण्ण. बाप रेघा मारत असायचा, आणि मध्येच, तिचं लक्ष नाही असं बघून, टण्ण. हातातली शेंग, पेन्सिल, जे असेल ते टाकून पोरगी पळायची. अगदी मोठी झाली तरी. घरात जेवताना एकदा त्यानं ताटावर चमचा वाजवला तर ही पाटावरून अर्धी उठली. किती हसलो होतो आम्ही.

शाळेतले खेळाचे मास्तर घरी आले होते तिच्यासाठी. मी होते तेव्हा तिथं. कपबशी हातात धरून ते म्हणाले, "हिच्या पायात आहे. पण पायात असून भागत नाही, रोज मैदान मिळालं पाहिजे. रोज म्हणजे रोज. दोन वर्षांनी निवड आहे. तोवर खंड पडता कामा नये."

माझा भाऊ हसला. म्हणाला, "मास्तर, मैदानाची काळजी तुम्ही कशाला करता? किल्ली कुणाकडे आहे?"

हे त्याचं वाक्य लक्षात ठेव.

त्याच सालात शहराला ते वेड लागलं. जगभरचे खेळाडू येतात, सगळं जग टीव्हीवर बघतं, ते मोठे खेळ. ते कुठं भरवायचे हे ठरायचं होतं आणि चार शहरं उभी होती. आपलं एक. एक समुद्रावरचं, एक डोंगरातलं, आणि एक कुठलं ते मी विसरले. दुकानाच्या दारात एकच गिऱ्हाईक यावं आणि चार दुकानदारांनी चारी बाजूंनी बाही ओढावी, तसं चाललं होतं. या शहरानं पूल रंगवला की आपण दोन रंगवायचे. विमानतळाच्या रस्त्याला खांबाखांबावर फलक, "आम्ही तयार आहोत." कुंड्या तर कुठं ठेवल्या नव्हत्या विचारू नकोस. मुतारीच्या दोन्ही बाजूंना फुलं. आत जाणारा माणूस दचकून बाहेर यायचा, चुकून कुणाच्या बंगल्यात शिरलो की काय म्हणून.

आपलं मैदान त्यांनी सरावासाठी निवडलं. बाहेरून आलेले खेळाडू इथं सराव करणार. मग माती उकरली, खडी टाकली, काय काय ओतलं, आणि वर तो पळायचा लाल पट्टा आला. रबरासारखा. पाऊल टाकलं की जरा दबायचं आणि परत वर ढकलायचं. रेघासुद्धा रंगवूनच आलेल्या, कायमच्या. आता फक्की मारायचं कामच उरलं नाही. मला वाटलं हा खट्टू होईल. छे. नव्या सुनेकडे सासूनं बघावं तसा बघत बसायचा त्या पट्ट्याकडे. ओल्या फडक्यानं पुसायचा. स्वतः त्यावर जायची वेळ आली तर बूट काढून मोज्यांवर जायचा.

पट्टा वाळल्यावर मोठे साहेब आले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हे बघ, शहर निवडणारे पाहुणे येऊन बघेपर्यंत यावर कुणाचा पाय पडता कामा नये. तुझ्यावर सोडतोय." आणि फाटकाचं नवं कुलूप आणि किल्ली त्याच्या हातात दिली.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडेच जेवायला होते. जेवताना त्यानं ती किल्ली ताटाशेजारी ठेवली होती.

"तिलाही वाढू का थोडं?" भावजय म्हणाली.

"साहेबांनी खांद्यावर हात ठेवला," तो म्हणाला.

"हो, सांगितलंत ना. शर्ट धुवायला टाकू की तसाच ठेवायचा?"

टिटवी म्हणाली, "बाबा, मग मी कुठं पळू?"

"थोडे दिवस बाहेर पळ. पाहुणे येऊन गेले की झालं."

"मी एकटी, कडेनं, मोज्यांवर पळाले तर?"

तो घास तोंडाशी घेऊन थांबला. म्हणाला, "म्हाताऱ्यांना फाटकावरनं परत पाठवलंय आज. फुटबॉलवाल्यांना परत पाठवलंय. आणि माझी पोर आत? काय तोंड दाखवू त्यांना?"

आता यात त्याचं चुकलं असं कोण म्हणेल. मीही म्हणाले नाही. सरळ माणूस होता. मग त्यानं तिच्याकडे वाकून अगदी हळू, गुपित सांगावं तसं सांगितलं, "टिटवे, तुझ्यासाठीच राखतोय ना मी. ते खेळ होतील तेव्हा तू निवडलेली असशील. सगळं जग बघेल. त्या पट्ट्यावर पळशील तर तो कसा पाहिजे? कोरा पाहिजे."

पोरगी खूश झाली. वय ते किती. दुसऱ्या दिवसापासून वखारींच्या मागच्या रस्त्यावर पळायला लागली. सिमेंटचा रस्ता, मालाचे ट्रक, आणि एक कुत्रं होतं, ते अर्ध्या वाटेपर्यंत तिच्याबरोबर पळायचं आणि मग कंटाळून बसायचं.

पाहुणे आले ते बऱ्याच उशिरानं. आधी येणार म्हणाले, मग पुढं ढकललं, मग परत. मी तेव्हा मोठ्या हॉटेलच्या धुलाईखान्यात इस्त्रीला होते, पाहुणे तिथंच उतरले. त्यांचे शर्ट माझ्या हातून गेले. आणि तुला गंमत सांगू? कॉलरच्या आत बारकी बारकी चिठोरी टाचलेली असतात ना धुलाईची, तशी एकेका शर्टाला तीन तीन होती. मला काय वाचता येतंय, काउंटरवरच्या पोरीनं वाचून दाखवली. ही समुद्रावरच्या शहरातल्या हॉटेलची, ही डोंगरातल्या. म्हणजे तेच शर्ट, तीच माणसं, सगळीकडे तेच हार, त्याच कुंड्या. मी आपली जास्त मन लावून इस्त्री केली. म्हटलं, निदान कॉलर तरी आपल्या शहराची कडक निघू दे.

मैदानावर ते आले तेव्हाचं मला भावानंच सांगितलं, आणि एकदा नाही, शंभरदा. त्यांच्यात एक उंच, पांढऱ्या केसांची बाई होती. तरुणपणी स्वतः पळायची म्हणे. बाकीचे छत्र्यांखाली उभे राहून नकाशे बघत होते. ही वाकली, पट्ट्यावर तळहात ठेवला, आणि दुभाष्याला काहीतरी म्हणाली.

दुभाष्यानं भावाला विचारलं, "बाई विचारतात, हे इतकं नवं कसं? इथं कोण कोण पळतं?"

माझा भाऊ छाती काढून म्हणाला, "कोणी नाही. पट्टा आला तेव्हापासून एका माणसाचा पाय पडू दिला नाही."

बाईनं परत काही विचारलं.

"बाई म्हणतात, मग तुमच्या शहरातली मुलं कुठं पळतात?"

यानं हात करून वखारींकडे दाखवलं. "तिकडं, रस्त्यावर. माझी मुलगीसुद्धा तिकडंच पळते."

बाई त्या दिशेला बघत राहिली. मग याच्याशी हात मिळवला आणि गेली. मोठे साहेब जाताना काही बोलले नाहीत. याला वाटलं, साहेब भारावले.

घरी येऊन सांगताना त्याचा चेहरा असा फुललेला. "माझ्याशी हात मिळवला तिनं. बाकी कुणाशी नाही."

भावजयीनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अहो, पण ती विचारत होती ते कौतुकानं का?"

"म्हणजे?"

"काही नाही. जेवा."

टिटवीनं मात्र नेमकं पकडलं. "बाबा, गेले ना आता पाहुणे? उघडायचं मैदान?"

आणि इथं तो चुकला. "परत येणार आहेत असं ऐकतोय," तो म्हणाला. "निकाल लागेपर्यंत काही सांगता येत नाही. एखादा ओरखडा पडला आणि नेमकी ती बाई परत आली तर?"

"साहेबांना विचारा की."

"साहेबांना विचारलं की ते नाही म्हणतात. साहेब लोकांचं तसंच असतं. आणि एकदा नाही आलं की ते कायमचं. न विचारलेलंच बरं."

असा होता तो. कुणी काही सांगितलं तर जीव गेला तरी करायचा, पण सांगितलेलं संपलं का हे विचारायला जाणं म्हणजे त्याला कामचुकारपणा वाटायचा. त्याच्यासारखे खूप होते त्या खात्यात. वरून शब्द आला की तो शब्द पुढचा शब्द येईपर्यंत चालू. आणि पुढचा शब्द आला नाही तर? चालू.

लोकांनीही तक्रार केली नाही. फक्की सांगतोय म्हणजे वरूनच आलं असणार, सगळ्यांचा विश्वास. म्हातारे फाटकाशी येऊन गजांतून लाल पट्टा बघायचे, मान हलवायचे, आणि चहाच्या टपरीवर जाऊन बसायचे. मग काही तेही यायचे बंद झाले. फुटबॉलवाल्यांतले दोघे लग्न होऊन गेले, बाकीचे पत्त्यांना लागले.

टिटवी मात्र पळत होती. रोज. आणि एक दिवस माझ्याकडे आली, धुलाईखान्याच्या मागच्या दारी. पायरीवर बसली आणि नडगी चोळायला लागली.

"आत्या, तुमच्या त्या गरम इस्त्रीनं शेक घेतला तर चालेल का गं?"

"इस्त्रीनं कुणी शेक घेतं का, वेडाबाई. दाखव. कधीपासून?"

"झाले बरेच दिवस. पळताना दुखतं. मग पळत राहिलं की बधिर होतं, मग नाही दुखत."

"बाबांना सांगितलंस?"

"सांगितलं की ते कुलूप काढतील," ती म्हणाली. "आणि मग त्यांना वाटेल त्यांनी शब्द मोडला. थोडंच राहिलंय आत्या, निकाल लागला की उघडणारच आहे."

म्हणजे बघ, बाप लेकीसाठी मैदान राखत होता आणि लेक बापाचा शब्द राखत होती. दोघांनी मिळून काय राखलं, तर ते कुलूप.

निवडीला थोडेच दिवस उरले होते आणि ती रस्त्यातच बसली. उठता येईना. एका ट्रकवाल्यानं उचलून आणली. डॉक्टरीणबाईंनी फोटो काढला आणि दाखवला, नडगीच्या हाडाला चीर. पडून नाही, आपटून नाही. कठीण जमिनीवर पळून पळून.

डॉक्टरीणबाईंनी सहजच विचारलं, "तुमच्या शहरात आता तो मऊ पट्टा झालाय ना? इतका गाजावाजा केला. तिथं का नाही पळत ही?"

भाऊ माझ्या शेजारी उभा होता. त्याच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता. त्यानं त्यावर हात ठेवला, आवाज होऊ नये म्हणून.

निवड झाली, हिच्याशिवाय. मास्तर परत आले, चहा न घेता गेले.

मग तो निकालाचा दिवस. चौकात मोठा पडदा लावला होता. कारखान्यांनी अर्धी सुट्टी दिली. मी धुलाईखान्यातल्या पोरींबरोबर गेले, भाऊ होता, भावजय होती. टिटवी पाय प्लॅस्टरमध्ये म्हणून घरी. पडद्यावर एका माणसानं पाकीट फोडलं, आणि समुद्रावरच्या शहराचं नाव घेतलं. तिकडची माणसं पडद्यावर नाचत होती, आणि आपल्या चौकात एवढी गर्दी असून इतकं शांत, की कुणाच्या तरी हातातला फुगा सुटला त्याचा आवाज आला. लोक हळूहळू निघाले. एकजण म्हणाला, "चला, निदान मुतारीला फुलं तरी आली." कुणी हसलं नाही फारसं.

माझा भाऊ पडद्याकडेच बघत उभा. त्या विजयाच्या वेळी मधे मधे ते शहर दाखवत होते. त्यांचं सरावाचं मैदान दाखवलं. पट्टा तसाच लाल, पण मधोमध घासून फिका पडलेला, आणि त्यावर मुलंच मुलं. भरभरून. ती पांढऱ्या केसांची बाई त्यात उभी, हसत होती. कधीचं चित्रण होतं देव जाणे.

"ताई," भाऊ मला म्हणाला, "त्यांनी पुसला पण नाही पट्टा."



दुसऱ्या दिवशी मोठे साहेब मैदानाकडे आले. फलक, झेंडे, सगळं उतरवून न्यायचं होतं. भाऊ कुलपाशी उभा होता. हे मी त्याच्या तोंडून एकदाच ऐकलं. पाहुण्यांची गोष्ट शंभरदा सांगायचा, ही एकदाच.

साहेब म्हणाले, "फाटक बंद का? आज सुट्टी देऊन टाकली का सगळ्यांना?"

"रोजच बंद असतं साहेब. तुम्ही म्हणाला होतात."

"मी? मी म्हणालो होतो पाहुणे येऊन जाईपर्यंत. ते येऊन गेले त्याला किती काळ झाला. अरे, पाहुण्यांसमोर तू म्हणालास कोणी पळत नाही, मला वाटलं त्या दिवसापुरतं बोलतोयस. आम्ही तर वर कळवलंय, शहरातली मुलं रोज इथं पळतात म्हणून." मग साहेबांनी त्याच्याकडे बघितलं आणि त्यांचा आवाज जरा खाली आला. "कुणी सांगितलं तुला बंद ठेवायला?"

"कुणी नाही," माझा भाऊ म्हणाला.

"मग विचारायचं होतंस."

एवढंच. साहेब वाईट नव्हते. त्यांना दहा कामं होती, हे त्यातलं अकरावं. ते झेंडे घेऊन गेले. यानं कुलूप काढलं आणि समोरच्या गटारात टाकलं. किल्ली मात्र जुडग्यात राहिली, आता कशाचीच नसलेली.

शहर त्याच्या एका वाक्यानं हरलं असं नाही गं. एवढी मोठी शहरं अशी हरत जिंकत नाहीत, त्यामागे मोठ्यांची गणितं असतात. मी त्याला हे कितीदा सांगितलं. पण तो म्हणायचा, "ताई, शहराचं मला काही नाही. शहराला काय, परत उभं राहील. मी राखत होतो कुणासाठी?"

घरी येऊन त्यानं टिटवीला सांगितलं. सगळं, साहेबांच्या शब्दासकट. त्याला वाटलं असेल पोरगी भांडेल, रडेल, भांडी फेकेल. भांडली असती तर बरं झालं असतं. ती प्लॅस्टरच्या कडेनं आत पेन्सिल घालून खाजवत होती. म्हणाली, "ठीक आहे बाबा." भावजय मात्र उठून मोरीत गेली आणि नळ मोठा सोडून बसली.

पाय बरा झाला. हाड सांधलं, चालण्यात काही दिसत नाही, तू बघतेसच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, हळूहळू सुरुवात कर, मऊ जमिनीवर, वर्षभरात पहिल्यासारखी होशील. मैदान उघडं होतं. पण ती गेली नाही. चष्म्याच्या दुकानात काम धरलं, तिथंच आहे अजून. सांगताना असं सांगायची, "आता सवय मोडली आत्या. आणि मला चष्मे आवडतात." चष्मे काय आवडायची गोष्ट आहे?

भाऊ रोज फाटक सताड उघडायचा आणि रोलरपाशी बसायचा. रोलरचं आता काही काम नव्हतं, पण त्यानं तो हलवू दिला नाही. सुरुवातीला कुणी येईना. सवय शहराचीही मोडली होती. हा फाटकाबाहेर उभं राहून येणाऱ्या जाणाऱ्याला म्हणायचा, "या की आत, पळा जरा." लोकांना वाटायचं याला काहीतरी विकायचंय. हळूहळू मुलं यायला लागली. पट्ट्यावर सायकली घालायची, बाटल्या टाकायची. हा काही बोलायचा नाही. "उडी मार" म्हणणारा माणूस एकदम गप्प झाला होता. पण फाटकातून टिटवीच्या वयाची कुणी आली की मान वर करायचा. बघायचा. मान खाली.

अशी किती वर्षं गेली. मग भावजय आजारी पडली, आणि घरातून डबा नेऊन द्यायचं काम टिटवीकडे आलं. दुकानाला सुट्टी होती त्या दिवशी. मीही निघाले तिच्याबरोबर, कारण त्या दिवशी मला घरात करमत नव्हतं. फाटकापर्यंत आलो. ती जरा थांबली. मग आत आली. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा.

भाऊ समोर, मैदानाच्या पलीकडच्या टोकाला, रोलरजवळ. त्यानं आम्हाला बघितलं आणि उभा राहिला. ऊन होतं. दोन पोरं कुठंतरी चेंडू मारत होती. टिटवी पट्ट्याच्या कडेशी आली, हातात डबा. आणि माझ्या भावानं कमरेचा जुडगा काढला आणि रोलरच्या लोखंडावर मारला.

टण्ण.

मी तिच्या शेजारी होते म्हणून सांगते. तिचे पाय थांबले. एक पाय पुढे, टाच उचललेली, खांदे जरा वाकलेले. अगदी तशीच, जशी लहानपणी. समोर त्याचा हात अजून वरच होता.

मग तिनं टाच खाली टेकवली. मोठ्यानं, त्याला पलीकडे ऐकू जाईल असं म्हणाली, "बाबा, डब्यात पातळ आहे. सांडेल."

आणि पट्ट्यावरून आडवी, सगळ्या रेघा ओलांडत, सावकाश चालत त्याच्याकडे गेली.

तो जेवला. पुसून पुसून जेवला. ती त्याच्या शेजारी बसून होती, दुकानातल्या एका गिऱ्हाइकाची गंमत सांगत होती, जो बायकोचा चष्मा घालून घरी गेला आणि दोन दिवस त्याला कळलं नाही. भाऊ हसला. तिचं उरकल्यावर ती फाटकाकडे निघाली, तेव्हा यानं माझा हात धरून मला मागे ठेवलं.

"ताई," तो म्हणाला, "थांबली होती ना ती? आवाज ऐकून थांबली होती ना? की मला उगाच वाटलं?"

"थांबली होती," मी म्हटलं. "मी बघितलं."

"पळणार होती."

"हो."

त्यानं मान हलवली आणि डब्याचं झाकण लावायला घेतलं. ते काही त्याला नीट बसेना, मग मी लावून दिलं.